विमानाची वही, वैमानिकाची वही

नाशिकहून आग्रा रोडने पिंपळगावच्या दिशेला निघालं की वीस-एक किलोमीटरवर ओझर लागतं. तिथल्या विमान कारखान्याचं कागदोपत्री नाव हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड, म्हणजे एचएएल. पण आमच्याकडे बोलण्यात तो कारखाना 'मिग'च आहे. "पोरगा कुठे असतो?" "मिगला लागलाय." मिग-२१ हे विमान सेवेतून गेलं, कारखान्याचं हे नाव मात्र लोकांच्या तोंडून गेलेलं नाही.

माझे थोरले मामा १९६८ साली मिगला लागले, फिटर म्हणून. १९७१ च्या लढाईच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत मामांकडे गेलो की माझा एक प्रश्न ठरलेला असायचा. "मामा, तुम्ही बनवलेलं विमान लढाईत कोणी उडवलं?" मामांचं उत्तरही ठरलेलं. "कोणी म्हणून काय विचारतोस? नंबर सांग, मग बघू." तेव्हा वाटायचं, मामा टाळतायत. पुढे या विषयावर वाचायला लागलो तेव्हा कळलं, सगळी मेख त्या उत्तरातच होती.

आपल्या डोक्यात लढाऊ विमानाचं चित्र कसं असतं? एक वैमानिक, एक विमान, दोघांची जन्माची जोडी. शिवाजी महाराज आणि कृष्णा घोडी, तसं काहीतरी. प्रत्यक्षात लढाऊ विमान कोणा एकाचं नसतं, ते स्क्वाड्रनचं, म्हणजे हवाईदलाच्या तुकडीचं असतं. आज सकाळी एक जण घेऊन जातो, दुपारी दुसरा. कॉकपिटखाली कधी कोणाचं नाव रंगवलेलं असतं, पण त्या दिवशी आत तोच माणूस बसलेला असेल याची काही खात्री नसते.

एसटीचं उदाहरण घ्या. डेपोतल्या ड्रायव्हरची ड्युटी वेगळ्या कागदावर लागते, गाडीचा हिशेब वेगळ्या कागदावर राहतो. ड्रायव्हर आज या गाडीवर, उद्या त्या गाडीवर. गाडी मोठ्या कामाला वर्कशॉपला गेली तर ड्रायव्हरची ड्युटी थांबत नाही, आणि ड्रायव्हर रजेवर गेला तर गाडी थांबत नाही. ज्या दिवशी तो माणूस त्या गाडीवर होता तेवढ्याच दिवसापुरत्या दोघांच्या नोंदी एकमेकींना छेदतात. स्क्वाड्रन म्हणजे डेपो. ओझरचा कारखाना म्हणजे गाडी जिथे बांधली जाते आणि काही वर्षांनी पूर्ण उघडून पुन्हा उभी केली जाते ती जागा. फरक एवढाच की एसटी बंद पडली तर प्रवासी खाली उतरून धक्का मारतात. इथे ती सोय नाही. म्हणून इथल्या नोंदी फार कडक असतात.

वैमानिकाकडे त्याचं लॉगबुक असतं. तारीख, विमानाचा प्रकार, विमानाचा नंबर, कामगिरी कोणती, उड्डाण किती वेळाचं, दिवसा की रात्री. एका ओळीत एक उड्डाण. पूर्ण नोकरीचं लॉगबुक पाहिलं तर त्यात शेकडो नंबर सापडतात.

विमानाची वही वेगळी. हवाईदलात तिला फॉर्म ७०० म्हणतात. उड्डाणाआधी इंजिनवाला, सांगाड्याचा तंत्रज्ञ, वीजवाला, उपकरणांचा, शस्त्रांचा, रेडिओचा असे सगळे आपापलं काम तपासून त्यात सही करतात. शेवटी वैमानिक ती वही वाचतो आणि सही करतो. त्या सहीने विमान त्याच्या ताब्यात येतं. परत आल्यावर काही बिघाड जाणवला असेल तर तो लिहितो. या बिघाडाला सगळे 'स्नॅग' म्हणतात. स्नॅग लिहिला गेला की तो दुरुस्त करून कोणीतरी सही करेपर्यंत विमान पुन्हा उडत नाही. म्हणजे विमानाच्या वहीत वैमानिकाची सही एक आणि जमिनीवरच्या माणसांच्या सह्या कितीतरी. लढाईचा इतिहास आपण बहुतेक वेळा वैमानिकाच्या वहीवरून वाचतो. ओझरसारख्या गावातल्या माणसांना दुसरी वही जास्त जवळची वाटते, आणि मला वाटतं त्यांचं बरोबर आहे.

नंबर काय सांगतो

भारतीय लढाऊ विमानाच्या शेपटाजवळ अक्षरं आणि आकडे असतात. अक्षरांवरून प्रकार कळतो. मिग-२१ ला 'सी', सुखोई-३० ला 'एसबी', मिग-२७ ला 'टीएस'. मिग-२१ च्या 'बिस' या जुन्या प्रकाराचं आधुनिकीकरण होऊन 'बायसन' झालं, तेव्हा 'सी'चं 'सीयू' झालं. २७ फेब्रुवारी २०१९ ला विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांचं विमान पाडलं गेलं. त्याचा नंबर सीयू-२३२८. नुसत्या अक्षरांवरून जाणकाराला कळतं, की या विमानाचे दोन जन्म झालेत. आधी ते बिस होतं, मग उघडून, नवं रडार आणि नवी क्षेपणास्त्रं वागवण्याची ताकद देऊन बायसन केलं गेलं. एकूण १२५ विमानांचं असं आधुनिकीकरण झालं. त्यातली पहिली दोन रशियात, बाकी सगळं काम आमच्या ओझरला.

नंबर धरून चाललं की विमानाची गोष्ट वैमानिकाच्या गोष्टीपासून कशी वेगळी होते ते दिसतं. १९६५ च्या युद्धात ३ सप्टेंबरला स्क्वाड्रन लीडर ब्रिजपाल सिंग सिकंद यांचं नॅट जातीचं विमान पाकिस्तानातल्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं. सिकंद युद्धकैदी झाले, सुटून मायदेशी आले, पुन्हा सेवेत गेले. विमान मात्र तिकडेच राहिलं. आयई-१०८३ हा नंबर असलेलं ते नॅट आज कराचीच्या हवाईदल संग्रहालयात उभं आहे. माणूस घरी आला, विमान आलं नाही. नुसती सिकंदांची वही वाचली तर विमानाचा पत्ता त्या दिवशी तुटतो.

आणखी एक गुंता आहे. नंबर विमानाच्या सांगाड्याला असतो. इंजिनाला स्वतःचा वेगळा नंबर आणि स्वतःची वेगळी वही. मिगचा सांगाडा ओझरला बने, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. एका इंजिनाचे तास भरले की ते काढून दुसरं बसवतात आणि विमान पुढे उडत राहतं. काढलेलं इंजिन ओव्हरहॉल होऊन वेगळ्याच विमानात जातं. त्यामुळे 'हेच ते विमान' म्हणताना आपण सांगाड्याबद्दल बोलत असतो, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

ओझरला विमान कसं बनायचं

१९६२ चं चीनचं युद्ध झालं आणि यशवंतराव चव्हाणांना दिल्लीला बोलावणं आलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हापासूनचं. संरक्षणमंत्री झाल्यावर १९६३ मध्ये ते लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले ते नाशिकमधूनच. १९६४ साली ओझरचा कारखाना उभा राहिला. द्राक्षं, कांदा आणि ऊस यांत रमलेल्या निफाड तालुक्यातली आयटीआय झालेली पोरं ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या विमानाचे पत्रे जोडायला लागली. हा बदल केवढा मोठा होता याची कल्पना आज करणं अवघड आहे.

परवान्यावर विमान बनवणं म्हणजे काय, तेही थोडक्यात. पहिल्या दिवशी कोणी लोखंडाच्या कांबीपासून विमान बनवत नाही. आधी सोव्हिएत संघातून अर्धवट जोडलेले भाग पेट्यांतून यायचे आणि ते इथे जुळवायचे. मग सुटे भाग आले, ते जोडायचे. मग कच्चा माल आला आणि भागच इथे बनायला लागले. पायरी वाढली तसं इथल्या हातांवरचं काम वाढलं. या मार्गाने आधी मिग-२१ एफएल बनलं, मग मिग-२१ एम, मग बिस, पुढे मिग-२७ आणि सुखोई. हवाईदलाने वापरलेल्या साडेआठशेहून जास्त मिग-२१ पैकी सहाशेहून अधिक एचएएलने बनवली. १९७१ साली हवाईदलाकडे जी एफएल विमानं होती त्यांत ओझरच्या विमानांचा वाटा मोठा होता. हवाईदलात या एफएलला 'टाइप ७७' म्हणत, आणि मामा आजही 'सत्याहत्तर'च म्हणतात.

मामांचं काम रिव्हेट मारण्याचं. विमानाचे पत्रे वेल्डिंगने जोडत नाहीत, हजारो रिव्हेट मारून जोडतात. दोन माणसं लागतात. एक बाहेरून हवेची बंदूक धरतो, दुसरा आतून रिव्हेटच्या शेपटाला लोखंडाचा ठोकळा टेकवून उभा राहतो. त्या ठोकळ्याला 'डॉली' म्हणतात. बाहेरच्याने ठोका दिला की आतल्या डॉलीवर रिव्हेटचं टोक चेपून बसतं. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. मग बोलायचं कसं? पत्र्यावर टकटक करून. मामा सांगायचे, एक टक म्हणजे मार, दोन म्हणजे बसला, तीन म्हणजे बिघडला, काढ. मामा अंगाने बारीक, म्हणून त्यांच्या वाट्याला आतलं काम यायचं. हवा इंजिनाकडे नेणाऱ्या नळीत आडवं होऊन, हात डोक्यावर ताणून, तासन्तास. आजही जेवताना ते बोटाने ताटाच्या कडेवर टकटक करतात. त्यांना ते कळतही नाही.

पाळी संपली की हत्यारं मोजायची. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती काढलेली, हत्यार त्या आकृतीवर गेलंच पाहिजे. एक आकृती रिकामी दिसली तर कोणी घरी जायचं नाही. आत विसरलेला एक पाना पुढे कुठल्यातरी उड्डाणात नियंत्रणाच्या दांड्यांत अडकला तर काय होईल, हे सगळ्यांना माहीत असायचं. १९७१ च्या डिसेंबरात कारखान्याच्या खिडक्यांना काळे कागद लावले होते, दिवे झाकलेले होते, आणि तरीही हत्यारांची मोजणी रोज व्हायची. हे मामा दर वेळी आवर्जून सांगतात.

१२ डिसेंबर १९७१

आता दोन वह्या एकमेकींना छेदतात असा एक दिवस जरा सावकाश पाहू.

कच्छच्या आखाताच्या काठावर जामनगरचा हवाई तळ. तिथे ४७ नंबरच्या स्क्वाड्रनची मिग-२१ एफएल विमानं राखणीला होती. १२ डिसेंबरला समुद्रावरून पाकिस्तानची दोन एफ-१०४ स्टारफायटर विमानं आली. त्या वेळी हवेत असलेल्या मिगपैकी एकात होते फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी.

एफ-१०४ हे अमेरिकन विमान. लांब, सडपातळ, आणि पंख इतके छोटे आणि पातळ की जमिनीवर असताना कोणाला लागू नये म्हणून त्यांच्या धारेवर आवरण घालत. सरळ रेषेत ते बाणासारखं जाई. वळणं घेताना मात्र त्या छोट्या पंखांना हवेचा आधार कमी पडे. मिग-२१ चे पंख त्रिकोणी, वजन कमी, वळायला बरं. दोघांचाही सर्वोच्च वेग ध्वनीच्या दुपटीच्या आसपास. अमेरिका आणि रशिया या दोघांनी एकाच काळात एकाच प्रश्नाची काढलेली ही दोन उत्तरं होती, आणि ती आता जामनगरवर समोरासमोर आली होती.

मिगच्या पंखांखाली के-१३ जातीची दोन क्षेपणास्त्रं. या क्षेपणास्त्राची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. १९५८ मध्ये तैवानजवळच्या चकमकीत अमेरिकन बनावटीचं एक साइडवाइंडर क्षेपणास्त्र चिनी मिगमध्ये घुसलं, पण फुटलंच नाही. ते पोटात घेऊन विमान परत उतरलं. क्षेपणास्त्र सोव्हिएत संघाकडे गेलं, त्यांनी ते उलगडून पाहिलं आणि तसंच बनवलं. तेच के-१३.

हे क्षेपणास्त्र उष्णतेच्या मागे जातं. अंधारात शेकोटीच्या दिशेने चालावं, तसं ते समोरच्या विमानाच्या मागच्या तापलेल्या नळीकडे ओढलं जातं. पण त्या काळातली त्याची नजर कच्ची होती. मागून सोडलं तरच लक्ष्य दिसायचं. सूर्य किंवा पाण्यावरची चकाकी आड आली तर गोंधळायचं. आणि समोरच्याने करकचून वळण घेतलं की याला तेवढं वळता यायचं नाही. सोनींनी पाठलाग करत क्षेपणास्त्र सोडलं, स्टारफायटरने वळण मारलं, नेम चुकला.

आता उरली तोफ. इथे मला थोडं थांबायचंय, कारण या तोफेमागे एक मोठा धडा आहे. मिग-२१ एफएल बनवणाऱ्यांनी त्यात तोफ ठेवलीच नव्हती. तेव्हा जगभर असा समज होता की क्षेपणास्त्रं आली, आता तोफेचे दिवस गेले. १९६५ च्या युद्धाने आपल्या हवाईदलाला वेगळंच शिकवलं, आणि मग एफएलच्या पोटाखाली लावायची तोफेची पेटी मागवली गेली. आत जीएसएच-२३, दोन नळ्यांची, २३ मिलिमीटरची, आणि गोळ्या २००. ही तोफ मिनिटाला तीन हजारांवर गोळ्या फेकते. त्रैराशिक मांडून पाहा. २०० गोळ्या म्हणजे सगळं मिळून साधारण चार सेकंद. तेवढ्यावर वैमानिकाची सगळी भिस्त.

वर या पेटीची किंमत वेगळीच मोजावी लागे. एफएलला खाली टांगायच्या जागा तीनच, दोन पंखांखाली आणि एक पोटाखाली. पोटाखालच्या जागेवर एरवी इंधनाची जादा टाकी लागायची. तोफ लावली की टाकी गेली. मिग-२१ च्या पोटातलं इंधन आधीच कमी. आफ्टरबर्नर लावला, म्हणजे इंजिनाच्या शेपटाकडे जादा इंधन जाळून जोर वाढवला, तर ते बघता बघता संपायचं. थोडक्यात, सकाळी विमान तयार करतानाच ठरायचं की आज जास्त वेळ हवेत राहायचं की जवळ जाऊन मारायची सोय ठेवायची. हा निर्णय विमानाच्या वहीत दिसतो. वैमानिकाच्या वहीत त्याची फक्त एक ओळ होते.

त्या दिवशी तोफ होती. स्टारफायटर समुद्राकडे पळत होतं, खालून, पाण्यालगत. सोनींनी अंतर कमी करत नेलं, सुमारे तीनशे मीटरवर आले आणि तोफ चालवली. तीनशे मीटर म्हणजे रामकुंडाच्या परिसरात या टोकावरून त्या टोकाला पाहावं इतकं अंतर. एवढ्या जवळून, तेवढ्या वेगात, हातात चार सेकंदांची दारू. स्टारफायटर पेटलं. त्यातला वैमानिक खुर्चीसकट बाहेर फेकला गेला, पॅराशूट उघडलं, आणि विमान समुद्रात कोसळलं.

तो वैमानिक होता पाकिस्तानी हवाईदलाचा विंग कमांडर मर्विन मिडलकोट. १९६५ च्या युद्धातही लढलेला, त्या देशाचा सितारा-ए-जुरत हा शौर्यपुरस्कार मिळवलेला, अनुभवी माणूस. समुद्रात उतरल्यावर तो पुन्हा कोणाला सापडला नाही. त्याच्या देशाने त्याला मरणोत्तर गौरवलं. सोनींना वीरचक्र मिळालं. ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या या दोन विमानांच्या लढतीत मिगने स्टारफायटर पाडल्याचा हा पहिला प्रसंग म्हणून जगभरच्या अभ्यासकांनी नोंदवला. पुढे १७ डिसेंबरला राजस्थान सीमेवर मिगनी आणखी स्टारफायटरशी झुंज घेतली.

सोनींच्या लॉगबुकात या सगळ्याची जागा किती असेल? एक ओळ. आणि त्या विमानाच्या वहीत? काही मिनिटांचं उड्डाण, इतक्या गोळ्या गेल्या, इतकी क्षेपणास्त्रं गेली, स्नॅग असल्यास अमुक, भरणा केला, सह्या. संध्याकाळी तेच विमान कदाचित दुसरा कोणी घेऊन गेला असेल.

पूर्वेकडे, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, यानंतर दोन दिवसांनी घडलेला प्रसंग फार गाजलेला आहे, म्हणून लांबवत नाही. १४ डिसेंबरला २८ नंबरच्या स्क्वाड्रनचे विंग कमांडर बी. के. बिश्नोई गुवाहाटीहून चार मिग घेऊन ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर गेले. हाताशी होता तो पर्यटकांचा नकाशा. रॉकेटचा मारा अचूक बसला आणि गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. जे विमान उंचावर जाऊन शत्रूची विमानं अडवायला बनवलं होतं, त्याने शहरातल्या एका इमारतीवर नेमका मारा केला. विमान कशासाठी बनलं आणि कशासाठी वापरलं गेलं, यांत असं अंतर पडतंच.

दावा आणि पडताळा

कोणी किती विमानं पाडली, या आकड्यांवर गावातल्या कट्ट्यावर तावातावाने बोललं जातं. इथे एक साधा नियम लक्षात ठेवावा. पाडणाऱ्याचा दावा ही अर्धी नोंद. पडलेल्या विमानाच्या स्क्वाड्रनने 'आमचं विमान परत आलं नाही' असं लिहिलं असेल तर दुसरी अर्धी मिळते. वेगात, धुरात, जीव मुठीत धरून लढणाऱ्या माणसाला समोरचं विमान पडलं असं मनापासून वाटतं, आणि ते लंगडत घरी पोहोचलेलं असतं. यात खोटेपणा असतोच असं नाही. दोन वैमानिकांनी एकाच विमानावर मारा केला तर दोघांच्या खात्यात एकेक नोंद होऊ शकते.

१२ डिसेंबरची लढत पक्की मानली जाते ती म्हणूनच. सोनी म्हणतात पाडलं, पाकिस्तान म्हणतं आमचे मिडलकोट गेले. दोन्ही वह्या जुळतात. २०१९ च्या अभिनंदन यांच्या लढतीत त्यांचं बायसन पडलं हे दोन्ही देश मान्य करतात. त्यांनी एफ-१६ पाडलं असं भारत सांगतो, पाकिस्तान ते नाकारतं. आपल्या माणसाचा अभिमान असावाच. पण पक्की नोंद कोणती आणि एका बाजूचा दावा कोणता, हा भेद ठेवला तर अभिमानाला बळच येतं.

विमानाचं वय

माणसाचं वय वर्षांत मोजतात. विमानाचं तीन प्रकारे मोजतात, किती तास उडालं, किती वेळा उतरलं आणि बनून किती वर्षं झाली. कारण प्रत्येक गोष्ट वेगळ्या तऱ्हेने थकवते. जोराच्या वळणांत पंखांच्या मुळाशी ताण येतो. उतरताना चाकांच्या पायांवर दणका बसतो, आणि मिग-२१ तर ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने टेकायचं, मागे पॅराशूट उघडून थांबवावं लागायचं. नुसतं उभं राहिलं तरी गंज, रबर कडक होणं, तारांचं वेष्टण चिरणं चालूच असतं.

ठरलेले तास किंवा वर्षं भरली की विमान पुन्हा ओझरला येई. रंग पूर्ण उतरवायचा, पत्रा उघडा करायचा, इंजिन काढायचं, पंख वेगळे करायचे. डोळ्यांना न दिसणारी भेग कशी शोधायची? भागावर लाल रंगाचं पातळ द्रव्य लावतात, ते भेगेत झिरपतं. वरचं पुसून काढतात आणि पांढरी भुकटी फवारतात. भेगेत दडलेला लाल रंग हळूहळू पांढऱ्यावर उमटतो. माठाला बारीक तडा असला तर बाहेरून ओलीची रेघ दिसते ना, अगदी तसं. मामा म्हणायचे, ती लाल रेघ दिसली की पोटात गोळा यायचा, आणि दिसली म्हणून देवाचे आभारही मानायचे.

मिग-२१ च्या अपघातांबद्दल बोलल्याशिवाय हा लेख पुढे नेणं मला योग्य वाटत नाही. २०१२ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं होतं, की मिग मालिकेच्या ८७२ विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली आणि त्यांत १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले. याखेरीज जमिनीवरचे ३९ नागरिकही गेले. यामागे कारण एकच नव्हतं. एकच इंजिन, उतरण्याचा वेग जास्त, पक्ष्यांची धडक. १९९१ नंतर सोव्हिएत संघ मोडला आणि सुट्या भागांचे हाल झाले. सगळ्यात सलणारी गोष्ट म्हणजे तरुण वैमानिकाला सावकाश विमानावरून एकदम मिगवर बसवण्याआधी मधली पायरी म्हणून चांगलं प्रशिक्षण विमान हवं होतं. त्याची मागणी वर्षानुवर्षं पडून राहिली. हॉक हे प्रशिक्षण विमान हवाईदलात आलं ते २००८ मध्ये. दरम्यान मिगच्या जागी यायचं विमान लांबत गेलं आणि मिगचं आयुष्य पुनःपुन्हा वाढवावं लागलं. 'उडत्या शवपेट्या' हा शब्द वर्तमानपत्रांत यायचा तेव्हा मामांचा चेहरा पडायचा. ते पेपर घडी करून ठेवत आणि बराच वेळ गप्प बसत. ज्या घरातला मुलगा गेला त्या घराचं दुःख मोठंच, त्याच्याशी कशाचीच तुलना नाही. पण विमान पडल्याची बातमी आली की ओझर टाउनशिपमध्येही घराघरांत नंबर विचारला जायचा, एवढं मी पाहिलेलं आहे.

एफएल डिसेंबर २०१३ मध्ये पश्चिम बंगालातल्या कलाईकुंडा तळावर निवृत्त झालं. शेवटची बायसन २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला. १९६३ साली पहिली मिग-२१ जिथे २८ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाली, त्याच गावी. त्या पहिल्या तुकडीचे प्रमुख होते विंग कमांडर दिलबाग सिंग, जे पुढे हवाईदल प्रमुख झाले. म्हणजे हे विमान बासष्ट वर्षं सेवेत होतं. आजोबाने उडवलं आणि नातवाने उडवलं अशी घरं देशात असू शकतील, इतका तो काळ.

तो निरोपाचा सोहळा आम्ही मामांच्या घरी टीव्हीवर पाहिला. मामा आता सत्त्याहत्तरचे आहेत. विमानांवर पाण्याच्या कमानी उडाल्या, भाषणं झाली. मग मिगचा फॉर्म ७०० संरक्षणमंत्र्यांच्या हाती सुपूर्द करण्यात आला. इतका वेळ मागे टेकून बसलेले मामा पुढे सरकले. "वही दिली बघ," ते म्हणाले. मामी स्वयंपाकघरातून विचारत होत्या, कोणती वही. मामांनी उत्तर दिलं नाही. त्यांचं बोट खुर्चीच्या हातावर टकटक करत होतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरला बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए विमान उडालं. मामा गच्चीवर गेले होते. गुडघे दुखतात म्हणून जिना चढायला मनाई आहे, तरी गेले. आवाज आला, द्राक्षबागांवरून एक ठिपका वर गेला, वळला, दिसेनासा झाला. मी त्यांचा हात धरून उभा होतो.

"नंबर दिसला का रे?" त्यांनी विचारलं.